डाग न पाडणारी गळती

चाकणला आमच्या लाइनवर एखादा गिअरबॉक्स गळायला लागला तर ते लपून राहत नाही. खाली फरशीवर डाग पडतो, सकाळच्या राउंडला सुपरवायझरच्या बुटाला तेल लागतं, मशीनवर लाल टॅग चढतो आणि मेंटेनन्सचा माणूस कुरकुरत येतो. क्वालिटीत इतकी वर्षं काढल्यावर गळती म्हणजे आतलं बाहेर येणं, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्यामुळे बोटीच्या इंजिनाचं ‘खालचं गिअर ऑइल लीक आहे’ असं कानावर आलं तेव्हा मी रीतसर इंजिनाच्या स्टँडखाली पुठ्ठा अंथरला आणि दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर बघायला गेले. पुठ्ठा कोरडा ठणठणीत.

बोट आमच्या मंडळाची. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला पूर आला, तेव्हा इकडून मदत घेऊन गेलेल्यांपैकी काही जण परत आल्यावरही एकमेकांना धरून राहिले. त्यातून हे मंडळ उभं राहिलं. पवना धरणातला विसर्ग वाढला, तिकडून मुळशीचं पाणी आलं, की दापोडी, सांगवी, पिंपरीच्या नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरतं. अशा वेळी अग्निशमन दलाच्या हाताशी चार जादा माणसं आणि एखादी जादा बोट असली तर बरं पडतं. खरी तयारीची माणसं जवळच, सुदुंबऱ्याला आहेत. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन तिथे असते. आमची मजल एक हवा भरायची रबरी बोट आणि कुठूनतरी मिळालेलं चाळीस हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक इंजिन, एवढीच. बचावाच्या कामातले लोक त्या इंजिनाला ‘ओबीएम’ म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणतो. भोसरी एमआयडीसीत एका सभासदाचा फॅब्रिकेशनचा गाळा आहे, तिथे शिअरिंग मशीनच्या मागे ते लाकडी स्टँडवर टांगलेलं असतं.

पावसाळ्याआधीच्या बैठकीत विषय निघाला आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘मॅडम, तुम्ही गिअरमध्येच आहात ना?’

आहे की. म्हणजे मी गिअरचे दात मोजते. एसीच्या खोलीत, पांढरा कोट घालून, ग्रॅनाइटच्या टेबलावर. पान्हा शेवटचा कधी हातात धरला होता ते आठवत नव्हतं. पण हे सांगायच्या आत बैठक पुढच्या विषयावर गेली होती.

माझ्या नशिबाने मोशीला मुलीकडे राहायला आलेले एक काका मंडळाच्या ओळखीत होते. मूळचे मालवणचे, उभी हयात मच्छीमारांची इंजिनं दुरुस्त करण्यात गेलेली. गुडघ्यांमुळे त्यांना आता खाली बसता येत नाही. ते प्लास्टिकच्या खुर्चीत बसणार आणि हात माझे चालणार, असं ठरलं. खुर्चीत टेकताच त्यांचा पहिला हुकूम सुटला, ‘हलवू नको गो. रात्रभर उभां होतां तसांच ऱ्हवांदे.’

ओबीएमचं खालचं युनिट म्हणजे पाण्यात बुडणारा भाग. वरच्या इंजिनातून उभा शाफ्ट खाली येतो, काटकोनात बसवलेल्या बेव्हल गिअरवर फिरतो आणि आडव्या शाफ्टवरचा पंखा फिरवतो. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूडने अमेरिकेतल्या मिलवॉकीत १९०९ साली असली इंजिनं विकायला काढली, तेव्हापासून ही मांडणी मुळात तशीच आहे. आत पिनियन, फॉरवर्ड गिअर, रिव्हर्स गिअर आणि त्यांच्यामध्ये सरकणारा क्लच. हे सगळं अर्ध्या लिटरच्या आतबाहेर नव्वद नंबरच्या हायपॉइड तेलात बुडालेलं. गिअरकेसच्या अंगाला दोन स्क्रू असतात, एक तळाशी आणि एक वर. तेल काढायचं तर खालचा आधी सोडायचा, मग वरचा. काही जुन्या जॉन्सन-एव्हिनरूड इंजिनांत शेजारीच चौफुलीचा तिसरा स्क्रू असतो आणि तो चुकून काढला तर आतली गिअर बदलायची पिन निसटते, अशी बहुमोल माहिती काकांनी नेमकी मी स्क्रूड्रायव्हर लावल्यावर दिली. आमच्या इंजिनाला तसला स्क्रू नव्हता, पण मी तीनदा चाचपून पाहिलं.

खालचा स्क्रू सुटला आणि आधी पाणी आलं. स्वच्छ, चमचाभर. मग तेल आलं, पण आम्ही कंपनीत बघतो तसं सोनेरी नव्हे, की जळून काळं झालेलंही नव्हे. दूध जास्त पडलेल्या चहासारखं, घट्ट आणि फिकट. काका खुर्चीतून वाकले आणि शांतपणे म्हणाले, ‘ह्यां पाणी खंयसून इलां, ता शोध.’

इथे पहिल्यांदा माझी गाडी रुळावरून घसरली. मी तेल कुठून जातंय ते शोधायला आले होते. तेल गेलेलंच नव्हतं. उलट मापात थोडं जास्तच निघालं. मी स्क्रूच्या टोकाचं चुंबक पाहिलं. त्यावर करडा लगदा होता, बोटात चोळला तर मऊ लागला, कण टोचले नाहीत. म्हणजे दात शाबूत होते. एवढं तरी माझ्या प्रांतातलं होतं.

‘तुमच्या कंपनीतल्या गिअरबॉक्साक वर काय असतां?’ काकांनी विचारलं.

‘ब्रीदर.’

‘आणि ह्येका?’

मी वरून खालून पाहिलं. दोन स्क्रू, दोन्ही वॉशर लावून घट्ट. श्वास घ्यायला जागाच नाही. कारखान्यातल्या गिअरबॉक्सच्या डोक्यावर छोटा ब्रीदर असतो. तेल तापून फुगलं की हवा त्यातून बाहेर जाते, गार झालं की आत येते, सीलवर दाब येत नाही. पाण्यात बुडणाऱ्या गिअरकेसला असं भोक ठेवायची सोय नाही. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली तापलेलं तेल तिच्यात भरायचं आणि जुलैत ती नदीच्या पाण्यात सोडायची, म्हणजे आतलं तेल आकसणारच. शिवाय चालताना तापून थोडंसं सीलजवळून झिरपतं आणि बोट थांबली की ती उणीव भरून काढायला आत ओढ निर्माण होते. त्या क्षणी सीलची कड जराही दुखावलेली असली की बाहेरचं पाणी आत येतं. मग बोट गाळ्यात परत येते, महिनोन्महिने उभी राहते, पाणी तळाला बसतं आणि बेअरिंग गंजायला लागतं. थंड देशांत म्हणे ते पाणी गोठून गिअरकेसच फुटते. भोसरीत ती एक काळजी नाही.

आता चाचणी. शेजारच्या गाळ्यातल्या टर्नरने वरच्या स्क्रूच्या आट्यांचा पितळी अडॅप्टर करून दिला. चहा येईपर्यंत झाला, पैसे घेतले नाहीत. ‘पुरात येणार ना मॅडम तुम्ही, मग राहू दे’ म्हणाला. अडॅप्टरला गेज आणि सायकलचा पंप जोडला. खालचा स्क्रू बंद करून रिकाम्या गिअरकेसमध्ये हवा भरली. दहा पीएसआयच्या पुढे जाऊ नको, चांगलं सीलसुद्धा उलटेल, असं काकांनी बजावलं होतं. काटा दहावर गेला आणि तिथेच उभा राहिला. मी साबणाचं पाणी सगळीकडे सोडलं, एकही बुडबुडा नाही. शाफ्ट हाताने फिरवून पाहिला, तरी काटा ढिम्म. माझ्या कामाच्या ठिकाणी इतकं पुरेसं असतं. मी मनातल्या मनात ‘ओके’चा शिक्का मारलासुद्धा.

‘आता उलट कर,’ काका म्हणाले.

म्हणजे हवा भरायची नाही, ओढायची. त्यासाठी चारचाकीच्या गॅरेजमधून ब्रेकची हवा काढायचा व्हॅक्यूम पंप उसना आणला. चारदोन वेळा दांडा दाबला, गेजवर ओढ दिसली आणि हात थांबवला तसा काटा सावकाश शून्याकडे सरकायला लागला. पंख्याच्या शाफ्टभोवती साबणाचा घट्ट फेस लावला तर तो एका जागी आत खेचला गेला. मी पुन्हा दाबाची चाचणी केली: काटा स्थिर. पुन्हा ओढ: काटा खाली. आतून ढकललं तर बंद आणि बाहेरून ढकललं तर उघडं असं एकच भोक कसं असू शकतं, हे मला काही केल्या कळेना. रात्री घरी नवऱ्याला वहीत आकृती काढून दाखवली. तो संगणकातला माणूस. म्हणाला, ‘एकेरी रस्ता असेल.’ झोपताना माझ्या लक्षात आलं की तो बरोबर बोलला.

ऑइल सीलची रबरी कड एका बाजूला झुकलेली असते आणि तिच्यामागे बारीक स्प्रिंगची कडी बसवलेली असते. ज्या बाजूला स्प्रिंग, ते सीलचं तोंड; त्या बाजूचा दाब कडेला शाफ्टवर आणखी आवळतो. उलट बाजूने दाब आला तर कड उचलली जाते. आमच्या इंजिनात पंख्याच्या शाफ्टवर अशी दोन सीलं एकामागे एक बसवलेली. आतलं तेलाकडे तोंड करून, बाहेरचं पाण्याकडे तोंड करून. आतलं चांगलं होतं, म्हणून भरलेली हवा थांबत होती. बाहेरचं गेलं होतं, म्हणून ओढलेली हवा थांबत नव्हती. कंपनीत मी आयुष्यभर सीलं बघत आले ती सगळी तेलाकडे तोंड केलेली. बाहेरच्यालाही अडवावं लागतं, हा प्रश्नच तिथे कधी आला नव्हता.

मग पंखा काढला. कॉटर पिन सरळ करून ओढली, नट सोडला आणि वॉशर निघतील त्या क्रमाने वर्तमानपत्रावर मांडून मार्करने नंबर टाकले. त्याबद्दल काकांकडून पहिली शाबासकी मिळाली. पंखा शाफ्टवरून सरकला आणि मागे दिसलं ते असं: जलपर्णीची वाळलेली मुळं, विसर्जनाच्या हारातला दोरा, कुठल्याशा पिशवीची चिंधी आणि या सगळ्याच्या तळाशी, शाफ्टला घट्ट चिकटलेलं, हिरव्या रंगाचं कडक वळं. नखाने खरवडलं तर सुटेना. कटरने उभं कापलं, तेव्हा पापुद्रे निघाले आणि मग एकेक धागा वेगळा झाला. नायलॉनचा मांजा. संक्रांतीनंतर नदीवर सराव झाला होता, तेव्हा तो पंख्याने ओढून घेतला असणार. फिरता फिरता तो शाफ्टवर गुंडाळत गेला, घर्षणाने वितळला, सीलच्या तोंडात घुसला आणि त्याने रबराची कड कुरतडून टाकली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ सालीच या मांजावर देशभर बंदी घातली. पक्ष्यांचे पंख आणि दुचाकीवाल्यांचे गळे कापले जातात म्हणून ती घातली. बोटीचं सील त्या यादीत घालावं असं नाही, पण नदीतला मांजा कोण मोजतो?

सीलं काढायची तर त्यांचं हाउसिंग बाहेर घ्यायला हवं. दोन बोल्ट सुटले, हाउसिंग मात्र हललं नाही. अॅल्युमिनियम अॅल्युमिनियमला धरून बसलेलं. मी हातोडी उचलली आणि काकांनी इतक्या जोरात ‘नाय!’ म्हटलं, की पलीकडचा वेल्डर थांबला. त्यानेच मग पट्टीला तीन भोकं पाडून, दोन स्टड आणि एक लांब बोल्ट लावून पुलर करून दिला. बोल्ट थोडा थोडा आवळत गेलो, बाहेरून ब्लोअरने गरम करत गेलो आणि एकदाचं हाउसिंग शाफ्टसकट, रिव्हर्स गिअर बरोबर घेऊन बाहेर आलं. बेअरिंगच्या रेसवर गंजाचे ठिपके होते. भिंगाखाली धरले, कापडाने पुसले. खड्डा पडला नव्हता. ओ-रिंग मात्र एका बाजूने चपटी झाली होती.

सील विकणाऱ्या दुकानात जाणं हा भोसरीतला एक सोहळाच आहे. भिंतभर कप्पे, काउंटरवर व्हर्निअर आणि समोर आपल्यापेक्षा घाईत असलेली दहा माणसं. इथे मशीनचं नाव कोणी विचारत नाही. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, एवढं सांगायचं. मी मापं घेऊन गेले होते, त्यामुळे जरा तोऱ्यात होते.

‘टीसी का एससी?’ काउंटरवरच्या मुलाने विचारलं. म्हणजे दुहेरी कड की एकेरी.

‘टीसी.’

‘तेलाला का पाण्याला?’

‘दोन्हीला. आत तेल, बाहेर पाणी.’

‘मग स्प्रिंग स्टीलची चालणार नाही. गंजंल.’ त्याने खालचा खण ओढला. ‘पंपवाले नेतात ती दाखवतो.’ स्टेनलेस स्प्रिंगची सीलं त्याच्याकडे होती, मापाचीही होती. ती घेतली. पण ओ-रिंगच्या जाडीचा नेमका आकडा मला खात्रीने मिळेना, म्हणून शेवटी मुंबईहून कंपनीचं सील किट मागवलं. महाग पडलं. माझं मत असं, की मापाचं सील बाजारातून घ्यायला हरकत नाही, ओ-रिंग आणि स्क्रूचे वॉशर मात्र मूळचेच असावेत. तिथे अंदाजाला जागा नाही. खजिनदारांना हे मत अजून पटलेलं नाही.

एक गोष्ट राहिली होती. शाफ्टवर जिथे जुन्या सीलची कड फिरत होती तिथे नख अडकत होतं. शाफ्ट मी पिशवीत घालून कंपनीत नेला, साहेबांची परवानगी काढली आणि व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावला. खाच काही मायक्रॉनांचीच होती, पण नव्या सीलची कड तिथेच बसली तर पाण्याला वाट राहणार. बेअरिंगवाली एसकेएफ कंपनी, जिचा चिंचवडचा कारखाना माझ्या जाण्यायेण्याच्या रस्त्यावर आहे, अशा शाफ्टवर चढवायला स्टीलची अतिपातळ बाही बनवते. तिला स्पीडी-स्लीव्ह म्हणतात. मी ती मागवायला निघाले होते. काकांनी हाउसिंगच्या तोंडात बोट घालून पाहिलं आणि म्हणाले, जागा आहे, सील दोन मिलिमीटर आत बसव, कड कोऱ्या शाफ्टवर येईल. पैसे वाचले. खजिनदारांना हे मत लगेच पटलं.

टर्नरने नायलॉनचा ठोकळा वळून दिला. आधी आतलं सील तेलाकडे तोंड करून, मग बाहेरचं पाण्याकडे तोंड करून आणि दोन्हींच्या मध्ये ग्रीस. हात थरथरत होता, कारण तोंड कुठलं आणि पाठ कुठली हे काढताना घेतलेल्या फोटोत एक दिसत होतं आणि हातात घेतल्यावर दुसरंच वाटत होतं. शिवाय सगळ्या कंपन्यांची रीत एक नाही. काही इंजिनांत दोन्ही सीलं पाण्याकडे तोंड करून असतात. दुसऱ्याच्या इंजिनाचं पाहून आपलं बसवलं की संपलं. हाउसिंग परत गेलं, बोल्ट टॉर्क रेंचने आवळले. दाब: स्थिर. ओढ: काटा उभा. मी शाफ्ट फिरवत राहिले, काका घड्याळ बघत राहिले, काटा उभाच.

तेल भरणं हा शेवटचा धक्का. मी फनेल घेऊन वरच्या भोकाशी उभी होते. ‘वरून कित्याक?’ काका हसले. हे तेल खालून भरायचं. खालच्या भोकाला पंप लावून तेल वर चढवत न्यायचं, म्हणजे गिअरमध्ये अडकलेली हवा त्याच्यापुढे वर जाते. वरच्या भोकातून बुडबुडे येणं थांबून नुसतं तेल आलं की आधी वरचा स्क्रू नव्या वॉशरसह लावायचा. वर झाकण असलं की खालचा पंप काढला तरी तेल भसाभस येत नाही, तेवढ्या वेळात खालचा स्क्रू लावून टाकायचा. उलट क्रमाने केलं तर अर्धं तेल चपलेवर. हे मी ऐकूनच घेतलं, करून पाहिलं नाही.

चालवून पाहायला दोनशे लिटरचा निळा ड्रम होता. कुदळवाडीच्या भंगारातून मंडळाने मागे कधीतरी घेतलेला. २०२५च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथल्या शेड पाडल्या, आता तसला ड्रम शोधायला लांब जावं लागेल. ड्रमचं तोंड कापून पाणी भरलं, पंखा न लावता युनिट त्यात सोडलं आणि इंजिन अगदी हळू चालवलं. बाजूच्या भोकातून पाण्याची पिचकारी आली, म्हणजे थंड करणारा पंप काम करतोय. गाळाभर निळा धूर झाला आणि फॅब्रिकेटरची माणसं बाहेर जाऊन उभी राहिली.

नदीवरच्या पहिल्या सरावानंतर मी खालचा स्क्रू जरासा सैल केला. तेल किंचित ढगाळ. पोटात गोळा आला. काकांना फोन लावला तर ते म्हणाले, जुनं दुधाळ तेल आत कोपऱ्याकापऱ्यांत राहिलेलं असतं, ते निघेपर्यंत असंच दिसणार, बदलून टाक. बदललं. पुढच्या वेळी स्वच्छ आलं.

आता मंडळाच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक सरावानंतर दोन नोंदी असतात: पंखा काढून मागचा शाफ्ट साफ केला का, आणि तेलाचा रंग कोणता. दुसऱ्या रकान्यात पोरं ‘ओके’ लिहून मोकळी व्हायची, म्हणून मी कागदावर तीन रंगांचे ठिपके चिकटवून दिलेत. गिअर बदलायच्या दांड्याचं सील अजून जुनंच आहे. त्याच्यासाठी खालचं युनिट पूर्ण उतरवून पाण्याचा पंप सोडवावा लागतो. काकांनी ते काम दिवाळीनंतर ठेवलंय. तोवर इम्पेलरही मागवून ठेव म्हणालेत, तो रबराचाच असतो आणि युनिट उतरवलंच आहे तर जुना परत बसवण्यात अर्थ नाही.